जात्याचा खांदा, आखाड्याचा खांदा

कापसाची वेचणी लागली की आमच्या राळेगाव तालुक्यात दुपारी रेडिओ ऐकायला घरी कोणी सापडत नाही, म्हणून आजचं बोलणं आम्ही सांजेचं ठेवलं आहे. चुलीवर आंधण असेल तर असू द्या. कान इकडे असला म्हणजे झालं.

मागच्या महिन्यात आम्ही वडकीच्या बाजूला आणि राळेगावच्या आसपास वावरांतून फिरलो आणि भेटेल त्या बाईला एकच गोष्ट करायला सांगितली. दोन्ही हात सरळ वर न्या, कानाला लावा. तरण्या पोरींनी हसत हसत नेले. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणींचा एक हात अर्ध्यात थांबला. मग कोणी मान वाकडी केली, कोणी कंबर कलती केली आणि हात वर गेल्यासारखं दाखवलं. खांदा दुखतो का विचारलं तर म्हणाल्या, दुखतोच की, त्यात सांगण्यासारखं काय आहे? आणि व्यायामाचं नाव काढलं तेव्हा एक मावशी ओटीतला कापूस गाठोड्यात टाकत म्हणाली, "बाई, दिवसभर वावरात राबतो तो काय असतो मग?"

हा प्रश्न खोटा नाही. घरातला नवरा, मुलगा, कधी दवाखान्यातलं माणूससुद्धा हेच म्हणतं: तुम्ही कष्टाच्या बाया, तुम्हाला व्यायामाची काय गरज? आम्हालाही आधी उत्तर देता आलं नाही. राबणं आणि व्यायाम यांत खांद्याला काही फरक कळतो का, हे शोधता शोधता आम्ही बरंच मागे गेलो, थेट जात्यापाशी.

जातं आपल्या आज्यांनी फिरवलं. आमच्यातल्या वयस्कर दोघींनी लहानपणी आईसमोर बसून खुंट्याला हात लावलेला आहे. पहाटे उठायचं, दोघींनी समोरासमोर बसायचं, एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, मध्येच मूठभर ज्वारी तोंडात सोडायची आणि ओवी चालूच. या ओव्यांचा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून केला, तो एक लाखाच्या वर गेला आहे. एक लाख ओव्या गाऊन होतील इतकं दळण आपल्या बायांच्या खांद्यांतून गेलं, असंही म्हणता येईल. आणि त्याच्याही फार आधी गोल फिरणारं जातं नव्हतं, तेव्हा बाई गुडघ्यावर बसून लांबट दगडावर दुसरा दगड पुढेमागे घासायची. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून उत्खनन केलं. तिथली वस्ती तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची. भाकरी कशाचीही असो, दळण कोणाला तरी दळावंच लागलं.

या दळण्याने हाडाचं काय होतं, हे अलीकडे मोजलं गेलं. आपल्याला वाटतं हाड म्हणजे लाकडासारखं, एकदा वाढलं की तसंच राहणारं. १८९२ साली बर्लिनच्या युलियुस वोल्फ नावाच्या शस्त्रवैद्याने पुस्तक लिहून सांगितलं की तसं नाही. हाडावर जसा भार पडतो तसं ते आपली बांधणी बदलतं. जिथे ताण येतो तिथे जाड होतं, जिथे काम नाही तिथे झिजतं. पुढे १९७७ साली टेनिस खेळणाऱ्यांच्या दोन्ही दंडांची क्ष-किरण छायाचित्रं तपासली, तेव्हा खेळणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि बायकांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. अंग तेच, खाणं तेच, फक्त एका हाताला जास्त काम.

आणि मग २०१७ साली केंब्रिज विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन मॅकिंटॉश आणि त्यांच्या सोबत्यांनी मध्य युरोपातल्या प्राचीन शेतकरी बायांचे सांगाडे तपासले. त्यांनी दंडाचं हाड, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचं, आजच्या मुलींच्या हाडाशी ताडून पाहिलं. त्या आजच्या मुलींत नाव वल्हवण्याच्या स्पर्धांतल्या, रोज तासन्‌तास सराव करणाऱ्याही होत्या. सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरणींची दंडाची हाडं या वल्हवणाऱ्या मुलींपेक्षाही ११ ते १६ टक्के मजबूत निघाली, आणि साध्या कॉलेजातल्या मुलींपेक्षा सुमारे ३० टक्के. संशोधकांनी कारणं सांगितली ती ओळखीचीच आहेत: जमीन खणणं, पीक काढणं, आणि मुख्य म्हणजे दगडावर दाणे दळणं. त्याआधी इतिहासवाले पुरुषांच्या हाडांशी बायकांची हाडं ताडायचे आणि बायका कमी राबल्या असाव्यात असं समजायचे. बायकांची हाडं बायकांशीच ताडली तेव्हा त्यांचे कष्ट दिसले. हे वाचून आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो. कागदावर नोंद नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, पण दंडाच्या हाडात नोंद आहे.

इथवर ऐकून ती वावरातली मावशी म्हणेल, मग मी काय वेगळं सांगत होते? थांबा. खांदा म्हणजे नुसतं हाड नाही.

आपल्या अंगातला सगळ्यात मोकळा सांधा हा. दंडाच्या वरच्या टोकाला गोळा आहे आणि तो पाठीच्या फऱ्याच्या अगदी उथळ बशीत टेकलेला आहे. मांडीचा गोळा उखळात मुसळ बसावं तसा खोल बसतो, खांद्याचा मात्र बशीत लिंबू ठेवल्यासारखा. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. तो गोळा निसटू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो तिथे त्याची पांढरी, चिवट दोरी होते, तिला कंडरा म्हणतात. आपण ‘नस आखडली’ म्हणतो ना, तिथे बहुतेक वेळा नस नसते, ही कंडरा असते. चार कंडरा मिळून गोळ्यावर टोपीसारख्या बसतात, आणि त्यांच्या वर खांद्याच्या हाडाचं छप्पर. टोपी आणि छप्पर यांत फट थोडीच. हात वर धरून ठेवला की ती आणखी कमी होते. डोक्यावर हंडा आणि तो धरायला वर गेलेला हात आठवा.

आता या तिघांची चाल वेगवेगळी आहे, आणि आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. स्नायू लवकर शिकतो. काम वाढलं की दोन-तीन आठवड्यांत जोर आल्यासारखा वाटतो, कारण आधी मेंदू आणि नसा नीट हुकूम द्यायला शिकतात, मग मांस भरतं. त्याला रक्त भरपूर. हाड हळू चालतं. जुनं खरवडून नवं भरायला त्याला महिने लागतात. कंडरेला रक्त कमी, तिची चाल सगळ्यांत अवघड. जोराच्या कामानंतर पहिला दिवस-दीड दिवस कंडरेत तुटणं जास्त आणि बांधणं कमी असतं. त्यानंतर बांधणी वरचढ होते आणि ती तीनेक दिवसांपर्यंत चालू राहते. मध्ये सुट्टी मिळाली तर कंडरा आधीपेक्षा चिवट होते. सुट्टी न देता रोज तेच काम घेतलं, तर तुटलेलं बांधून व्हायच्या आत पुन्हा तुटतं.

वेचणीत सुट्टी असते का? कापूस फुटला की फुटला. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. मान खाली, खांदे पुढे आलेले, हात पोट-छातीच्या उंचीवर, बोंडापासून ओटीपर्यंत तीच एक हालचाल दिवसातून हजारो वेळा. वर हात जातच नाही, आणि गेला तर एकदम गाठोडं डोक्यावर चढवायला, तेही दिवसभर थकलेल्या खांद्याने. जात्याचंही तसंच होतं. ओढणं-ढकलणं छातीच्या खालच्या उंचीवर, रोज पहाटे, बाळंतपण असो की ताप. आज्यांची हाडं दणकट झाली असतील, पण आमच्यातल्या एकीची आजी म्हातारपणी डोक्यावर पदर घ्यायला नातीला हाक मारायची, हेही आम्हाला आठवतं. ‘जुनी माणसं दणकट’ असं म्हणताना ही हाक कोणी सांगत नाही.

आता याच्या शेजारी आखाडा ठेवून पाहा.

आपल्या मुलखात आखाड्याची परंपरा मोठी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाला वळण दिलं असं सांगतात. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं, आणि १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामाचा दहा खंडांचा मराठी कोश काढला. म्हणजे अंग कसं घडवावं याचं ज्ञान मराठीत भरपूर होतं, आणि ते खांद्याचं ज्ञान होतं. जोर, दंड, मुगदल, करेल, मलखांब, लेझीम, सगळ्यांत खांदा पुढे. मुगदल तर खांद्यासाठीच केल्यासारखं: जड लाकडी गदा खांद्यावरून पाठीमागे सोडायची, गोल फिरवून पुढे आणायची. गोळा बशीत राहून सगळ्या बाजूंनी फिरतो, चारही लहान स्नायूंना काम मिळतं.

पण आखाड्यात त्या मुगदलाच्या भोवती काय काय होतं ते बघा. आधी हलकी जोडी, ती सहज फिरली की जड. हे ठरवायला उस्ताद. मेहनतीनंतर मालिश. दूध, तूप, बदाम, ज्याला जमेल तसा खुराक. दुपारची झोप. कंडरेची दिवस-दीड दिवसाची गोष्ट त्यांना कागदावर माहीत नव्हती, पण अंगाला किती मागायचं आणि कधी सोडायचं, याचं शहाणपण होतं. आणि दाराच्या आत बाईला मज्जाव. ज्या घरातला पोरगा आखाड्यातून येऊन लोटाभर दूध प्यायचा, त्याच घरात बहीण पहाटे दळून उठलेली असायची आणि तिच्या वाटची भाकरी सगळ्यांच्या मागून. दोघांचेही खांदे राबलेले. एकाच्या राबण्याला व्यायाम म्हणायचे, दुसरीच्या राबण्याला नावच नव्हतं.

गंमत म्हणजे हेच मुगदल साहेबाच्या बाईपर्यंत आपल्याआधी पोचलं. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेने ते पाहिलं, उचललं, आणि १८३० च्या दशकात लंडनला डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकाने व्यायामाच्या पुस्तकांत घातलं. त्याचं एक पुस्तक खास बायकांसाठी होतं, त्यात याच मुगदलाचा हलका, नाजूक अवतार होता. पुढे ‘इंडियन क्लब’ या नावाने ते युरोप-अमेरिकेत शाळांतून फिरलं आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणूनही आलं. तिकडच्या मुली ओळीने उभ्या राहून आपल्या आखाड्यातलं लाकूड फिरवत होत्या, आणि इकडे राळेगावच्या मुली पाण्याला जात होत्या.

आपल्याकडे कोणी काहीच केलं नाही असंही नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालायला लावले, राणीसाहेबही घालत. नमस्कारात तळहात जमिनीवर आणि अंगाचा भार खांद्यावर येतो, मग हात वर, मग पुन्हा खाली. खांद्याला वर-खाली दोन्हीकडे काम देणारा, एका पैशाचाही खर्च नसलेला असा दुसरा व्यायाम आम्हाला तरी माहीत नाही. राजाचा हुकूम होता म्हणून झालं, असं कोणी म्हणेल. असेल. पण मुलीच्या अंगाला स्वतःसाठी वेळ द्यावा, हे हुकूम सुटल्याशिवाय कुठे होतं?

आणि मुलींच्या वयातच ते का, याचंही कारण आता कळलं आहे. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायांचे दंड तपासले, ते १९९५ साली छापून आलं. पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा त्या सुमाराला खेळायला लागलेल्यांच्या हाडाला उशिरा लागलेल्यांपेक्षा दुपटी-चौपटीने फायदा झाला होता. अमेरिकेत चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंचा २०१४ चा अभ्यास सांगतो की तरुणपणी कमावलेल्या जाडीतली निम्मी आणि ताकदीतली एक तृतीयांश खेळ सोडल्यावरही जन्मभर टिकते. टाचेच्या कंडरेवर डेन्मार्कमध्ये काम झालं, त्यात तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि मग फारसा बदलत नाही असं दिसलं. म्हणजे आठवीतल्या पोरीचा खेळाचा तास काढून तिला धाकट्या भावाजवळ बसवलं, तर तिच्या साठाव्या वर्षातलं काहीतरी आपण काढून घेतो. साठीत पाय घसरून पडल्यावर हातावर भार येतो आणि खांद्याजवळ हाड मोडतं, तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो.

बरं, ज्यांचं सतरावं वर्ष केव्हाच गेलं त्यांचं काय? स्नायू कोणत्याही वयात शिकतो. हाड आणि कंडरा म्हातारपणीही भाराला उत्तर देतात, फक्त हळू. इथे आमच्याच गटातल्या एकीची गोष्ट सांगतो. तिने नाव घेऊ नका म्हटलं आहे. वय पन्नास, साखरेचा आजार. गेल्या पावसाळ्यात डावा खांदा दुखायला लागला. एका दवाखान्यात सांगितलं, हात अजिबात हलवू नका, झोळीत ठेवा. तिने इमानाने तीन महिने ठेवला. दुखणं कमी झालं, पण तोवर हात निघेचना. मागे हात नेऊन आंबाडा घालता येईना, झंपर काढायला सुनेला बोलवावं लागे. याला गोठलेला खांदा म्हणतात. हे नाव बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या डॉक्टरने १९३४ साली दिलं. सांध्याभोवतीची पिशवी आतून जाड होते, आवळते. चाळीस ते साठीतल्या बायांना हे जास्त होतं, आणि साखर असेल तर आणखी. कॉडमननेच एक सोपी हालचाल सांगितली होती: पुढे वाकायचं, चांगला हात खाटेवर किंवा ओट्यावर टेकवायचा, दुखरा हात नांगराला लटकलेल्या कासऱ्यासारखा सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने हळूहळू झुलवायचा. हात आपण हलवायचा नाही, तो हलला पाहिजे.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर तिला हेच शिकवलं. मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, रोज कालच्यापेक्षा एक बोट वर. मग भिंतीला दोन्ही तळहात लावून उभ्यानेच जोर काढायचे. मग पाण्याने अर्धी भरलेली लिटरची बाटली बाजूने उचलायची, एक दिवसाआड. दुखणं सोसण्याइतकं असलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बसलं तर चालू ठेवायचं. रात्र जागवली तर कमी करायचं. तिला आम्ही म्हटलं, अगं ही तर आखाड्याचीच रीत, हलकी जोडी आधी, जड नंतर.

यवतमाळला रोज-रोज जाणं कोणाला जमतं? एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही धरा. त्यासाठी ही एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये खांद्याच्या कंडरेचं दुखणं असलेल्या ७०८ माणसांवर मोठी पाहणी झाली, ती २०२१ साली छापून आली. काहींना फिजिओथेरपिस्टने सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम करून घेतला. काहींना एकदाच बसवून नीट समजावलं आणि घरी करायला सांगितलं. वर्षभरात दोन्हींचा गुण सारखाच निघाला. म्हणजे एकदा जायचं, पण नीट समजून घेऊन यायचं. न लाजता पुन्हा विचारायचं, समोरच्याला करून दाखवायचं. मात्र पडल्यावर हात उचलेनासा झाला, खांदा सुजला आणि ताप आला, किंवा डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छाती भरून आली, दम लागला, तर झोका-बिका काही नाही, त्याच तासाला दवाखाना गाठा.

वेचणाऱ्यांनी आणखी एक करावं. ओटी दर खेपेला त्याच खांद्यावर नको. आणि पाणी प्यायला थांबाल तेव्हा हात वर, मागे, बाजूला, दहा-दहा वेळा. दिवसभर जे होत नाही तेच तेवढं. त्या मावशीला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मुकादम म्हणल, बाया नाचायला लागल्या." मग जराशाने तिनेच उभ्या-उभ्या हात वर नेऊन पाहिला. डावा गेला, उजवा कानापासून चार बोटं खाली राहिला.

आमच्या मैत्रिणीचा खांदा सुटायला सात महिने लागले. तिच्या घरामागे गोठ्याच्या भिंतीला सासूचं जातं उलटं टेकवलेलं आहे, खुंटा केव्हाच चुलीत गेला. त्याच्याच शेजारच्या भिंतीवर तिने कोळशाने रेघा मारल्या होत्या, बोटं कुठवर चढली त्याच्या. सगळ्यात वरची रेघ आता तिच्या डोक्यावर हातभर आहे. आंबाडा स्वतः घालते. रात्री डाव्या कुशीवर वळलं की अजून चमक येते म्हणते, आणि बाटली आता पूर्ण भरून घेते.